कोसिनाचा १५ एमएम लेन्स: खेड्यातल्या घरांत फोटो काढणाऱ्यांनी पाहावाच असा

वाइड लेन्स, म्हणजे एका फ्रेममध्ये लय जागा घेणारी (एमएम जितके कमी तितकी जास्त), म्हटली की आपल्याकडे सगळे निकॉन-कॅननवरच थांबतात, पण फिल्मवाला रेंजफाइंडर, म्हणजे आरसा नसलेला, वेगळ्या खिडकीतून पाहून अंतर जुळवायचा कॅमेरा, वापरत असाल तर जपानच्या नागानो भागातल्या नाकानो या छोट्या शहरातली कोसिना कंपनी नक्की पाहा भाऊ. १९५९ पासूनची कंपनी आहे, लय वर्षं दुसऱ्यांच्या नावानं माल बनवला, निकॉनचा एफएम१० यांनीच बनवलेला. मग १९९९ मध्ये फोइग्टलेंडर हे १७५६ सालचं व्हिएन्नाचं नाव लायसन्सवर घेतलं आन् बेसा-एल नावाची कॅमेरा बॉडी काढली, तिच्यात ना पाहायची खिडकी (व्ह्यूफाइंडर) ना अंतर जुळवायची सोय (रेंजफाइंडर), सोबत हा १५ एमएम एफ ४.५ सुपर वाइड हेलियार. त्या काळी इतकी वाइड लेन्स साध्या माणसाच्या आवाक्यात नव्हतीच, यांनी ती आणली, म्हणून मला या लोकांचा मनापासून आदर आहे.

मी तो जुना, आट्यांवर फिरवून बसवायचा स्क्रूवालाच वापरून राहिलो, लायकाच्या एम माउंटवर बसवायची रिंग लावून. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, खिशात मावते. रेंजफाइंडरशी जोडलेली नाही, अंतर अंदाजानं लावायचं, पण एफ ८ वर (लेन्सचं भोक लहान करून) फोकसची रिंग १ मीटरवर ठेवली की अर्ध्या मीटरपासून दूर शिवारापर्यंत सगळं शार्प येते, मग फोकसला हात लावायचं कामच नाही. पोळ्याच्या गर्दीत बैलजोडीच्या एकदम जवळ उभं राहा, झूल, बाशिंग, तोरण आन् मागची सारी माणसं एकाच फ्रेममध्ये.

पण या लेन्सचं खरं काम घरात आहे. आपल्याकडे भाव वाढायची वाट पाहत लोक कापूस घरातच भरून ठेवतात, खोलीत पार छतापर्यंत, चालायला दारापासून बोळीएवढी जागा उरते. तिथं ३५ एमएम लावली तर नुसता पांढरा ढीग दिसते, घर दिसतच नाही. ही लेन्स दारातून लावली की ढीग, वरचा पंखा, खुंटीवरचे कपडे, कोपऱ्यात सरकवलेली खाट, त्या खाटेवर बसलेली म्हातारी, सगळं येते. एवढ्या कापसात हे घर कसं राहते ते फोटोत कळते, आन् मला तेच दाखवायचं असते. फक्त माणूस फ्रेमच्या कडेला ठेवू नका, चेहरा ताणल्या जाते. कॅमेरा जराही खाली-वर झाला की भिंती कलतात, त्यामुळे खाली गुडघ्यावर बसा, कॅमेरा सरळ धरा, मगच बटण दाबा.

रेषा मात्र सरळ राहतात, आडं-कड्या वाकत नाहीत. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसते ना, त्यामुळे मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते आन् अशी छोटी, सरळ डिझाइन जमते. याच कारणानं कोपरे काळपट येतात, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मला ते आवडते, रंगीत फिल्मवर आकाश असलं की खटकते. डिजिटलवर जुनी घेऊ नका, तिरपा प्रकाश सेन्सरवर पडते आन् कडेला रंग बदलतो. डिजिटलवाल्यांसाठी २०१५ ची तिसरी आवृत्ती, ती मोठी आन् जड आहे पण रंगाचा त्रास बराच कमी केलाय, आन् २००९ च्या दुसरीपासून रेंजफाइंडर कपलिंगही, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरशी जोडणी, आहे.

जुनीला फिल्टरचे आटे नाहीत, हूड फिक्स, पुढची काच उघडीच. उन्हाळ्यात आपल्या धुळीत हे लय जपावं लागते, टोपी काढली की काम झाल्याबरोबर परत लावायची, पावसाळ्यात सिलिका जेलच्या डब्यात ठेवायची, नाहीतर बुरशी धरते.

सेकंडहँड घेताना टॉर्च मारून आतली काच पाहा, आन् कॅमेऱ्यावर बसवून फ्रेम पाहायचा वेगळा फाइंडर सोबत आहे का ते आधी विचारा, कॅमेऱ्याच्या आपल्या फाइंडरमध्ये १५ एमएमची फ्रेमच दिसत नाही. तो वेगळा शोधत बसाल तर पैसे उगाच जातील.