मोटोक्रॉस बाइकचे पासिंग करून देतो असे सांगून माझे १,१२,५०० रुपये नेले, त्याची हकिगत

शर्यतीसाठी बनवलेली मोटोक्रॉस बाइक रस्त्यावर चालवण्याजोगी करून, तिचे पासिंग करून आणि आरसी हातात देऊन सगळे काम पूर्ण करतो, असे सांगणाऱ्या एका गॅरेजवाल्याला मी तीन हप्त्यांत १,१२,५०० रुपये दिले. त्यांपैकी ३८,५०० रुपये दिवे व वायरिंगचे, ४५,००० रुपये ‘टेस्टिंग सर्टिफिकेट’चे आणि २९,००० रुपये कर व पासिंगचे होते. २४९ सीसीची ती बाइक मी त्याआधी २,८५,००० रुपयांना जुनी घेतली होती. विकणाऱ्याने माझी फसवणूक केली नाही. ही गाडी फक्त ट्रॅकवर चालवायची आहे, हे त्याने आधीच स्पष्ट सांगितले होते. हे मुद्दाम लिहितो, कारण घरापासून पोलीस ठाण्यापर्यंत प्रत्येकाने मला पहिला प्रश्न हाच विचारला की अशी गाडी घेतलीच कशाला. हौस असणे हा गुन्हा नाही. कायद्यात बसवूनच चालवायची, म्हणून तर मी पैसे मोजले होते.

मी विश्वास ठेवला तो त्याचे काम पाहून. मोटोक्रॉस बाइकला हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, स्पीडोमीटर यांपैकी काहीही नसते आणि माझ्या गाडीचा स्टेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारी तारेची गुंडाळी, जेमतेम ठिणगीपुरती वीज देत होता. त्याने स्टेटर नव्याने गुंडाळला, ती वीज बॅटरीला चालेल अशी करणारा रेक्टिफायर बसवला, छोटी बॅटरी बसवली, ब्रेकच्या दिव्याचे स्विच जोडले आणि ‘सार्वजनिक रस्त्यासाठी नाही’ असा शिक्का असलेले टायर काढून रस्त्यावर चालणारे टायर घातले. तीन आठवडे मी हे काम डोळ्यांनी पाहत होतो आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. ज्याला गाडीतले इतके कळते त्याला कागदपत्रांचेही कळत असणार, असे मी धरून चाललो. त्याच्या दारात नंबर प्लेट लावलेल्या आणखी दोन डर्ट बाइक उभ्या होत्या, त्याही मी पुरावा मानल्या.

वस्तुस्थिती अशी आहे की दिवे लावल्याने गाडी नोंदणीयोग्य होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार गाडीच्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत व्हावी लागते आणि ती उत्पादक किंवा आयातदार करून घेतो, गल्लीतला गॅरेजवाला नव्हे. १ एप्रिल २०२० पासून नव्या नोंदणीला धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ हा निकष आहे, आणि शर्यतीच्या इंजिनाचा एक्झॉस्ट त्यासाठी बनवलेलाच नसतो. नोंदणीच्या अर्जासोबत विक्रीचा फॉर्म २१ आणि गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा उत्पादकाचा फॉर्म २२ लागतो. या गाडीचा फॉर्म २२ दाखवा, एवढे एकच वाक्य मी त्याला म्हटले असते, तर माझे ७४,००० रुपये वाचले असते.

आता ज्या क्षणाची आठवण मला अजून झोपू देत नाही, त्याविषयी. आरसीचे कार्ड त्याने माझ्या हातात दिले तेव्हा मी गाडीला टेकूनच उभा होतो. कार्डावर माझे नाव अचूक होते, परंतु इंजिनाची क्षमता १४९ सीसी, वजन १४७ किलो आणि आसनक्षमता २ लिहिलेली होती. माझी गाडी जेमतेम १०५ किलोची आहे आणि तिला मागे बसणाऱ्यासाठी ना सीट आहे, ना पाय ठेवायला फूटरेस्ट. वजन आणि आसनक्षमता माझ्या नजरेतून सुटली, पण सीसीबद्दल मी विचारले. तो शांतपणे म्हणाला, “दादा, सीसी कमी दाखवली की टॅक्स वाचतो; सगळ्यांचं असंच करून देतो.” हे उत्तरच खोटे होते. महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी कर तिच्या किमतीवर बसतो आणि ९९ ते २९९ सीसीपर्यंत दर एकच आहे, त्यामुळे १४९ आणि २४९ मध्ये कराचा एक रुपयाही फरक पडत नाही. मला हे ठाऊक नव्हते; पैसे वाचल्याचे ऐकून मला बरे वाटले आणि मी शेवटचे २९,००० रुपये रोख, पावतीशिवाय दिले. आधीचे दोन हप्ते यूपीआयने गेले होते, तेही गॅरेजच्या नव्हे, तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. खातेदाराचे नाव वेगळे दिसले की तिथेच थांबा.

सात आठवड्यांनी मी गाडीच्या नुकसानीचा विमा काढायला गेलो, तेव्हा तपासणीला आलेल्या माणसाने हँडलच्या मुळाशी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला. तो नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळत नव्हता. त्याने गाडीची सरकारी नोंद दाखवणाऱ्या एमपरिवहन ॲपमध्ये कार्डावरचा नोंदणी क्रमांक टाकला. समोर आली ती कोणा दुसऱ्याच माणसाची १५० सीसीची रोजच्या वापरातली मोटारसायकल. कार्ड बनावट होते आणि गॅरेजवाल्याने दिलेला थर्ड पार्टी विम्याचा कागदही. त्या सात आठवड्यांत माझ्या हातून कोणाला धक्का लागला असता, तर सगळी भरपाई माझ्या घरातून गेली असती. ॲपमध्ये क्रमांक टाकायला एक मिनिट लागते. ते पैसे देण्यापूर्वी करा.

पोलीस ठाण्यात मला सांगितले की हा देण्याघेण्याचा वाद आहे, आरटीओचे पत्र आणा. आरटीओत सांगितले की कार्ड आमच्याकडून गेलेलेच नाही, म्हणून पत्र देता येत नाही, पोलिसांकडे जा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितले की पैसे तुम्ही स्वतःहून, कामापोटी दिले आहेत. पुन्हा पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा वेगळेच अधिकारी होते. त्यांनी माझी तक्रार वाचण्याआधी मला बजावले की खोटी प्लेट लावून गाडी तुम्हीच चालवली, गुन्हा आधी तुमच्यावर होईल. नोंदणीशिवाय गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ चा दंड पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये आहे. तो मी भरायला तयार आहे आणि तसे लेखी दिले आहे. परंतु बनावट आरसी छापणारा माणूस आजही तेच गॅरेज उघडे ठेवून बसलेला असताना, त्याचा पत्ता, यूपीआयचे तपशील आणि ते कार्ड समोर ठेवूनही चार खेपांत एका ओळीची नोंद होऊ नये, याचा मला संताप येतो. फसलेल्या माणसाला धमकावून परत पाठवले की तक्रारींचा आकडा कमी राहतो, आणि त्या गॅरेजवाल्याला हे चांगले माहीत आहे. मी गप्प बसेन, याच भरवशावर तो वावरतो.

ठाण्यात नोंद घेत नसतील तर वाद घालत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीबद्दलच्या कलम ३१८(४) चा उल्लेख करून तसे पाठवले आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केला आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही. मातीत आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालवायची असेल, तर हीरोच्या एक्सपल्ससारखी कारखान्यातूनच नोंदणीयोग्य येणारी गाडी घ्या. ती जड लागेल, उडी कमी घेईल, पण तिचे कागद खरे असतील.

प्लेट मी काढून ठेवली आहे, टाकून दिलेली नाही, कारण ती पुरावा आहे. त्या क्रमांकावर ५०० रुपयांचे एक ई-चलान निघालेले मला दिसले आणि त्यातल्या छायाचित्रात हेल्मेट घातलेला मीच आहे. ज्याचा तो क्रमांक आहे त्या गृहस्थाला बहुधा कारणही कळले नसेल. चलानाची रक्कम मी भरली आणि त्या छायाचित्राची प्रत अधीक्षकांना पाठवलेल्या तक्रारीला जोडली.