मुलीच्या उलट्या, माझी वही आणि पुण्यातलं दुसऱ्या मजल्यावरचं क्लिनिक

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढं येईल.

मी अकलूजकडचा. साखर कारखान्यात काट्यावर कारकून आहे. भरलेली ट्रॉली चढली की वजन, रिकामी परतली की वजन, वेळ, टोकन नंबर, पावती. हंगामात रात्रंदिवस हेच. लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांच्या क्लिनिकबद्दल लिहिताना हे कशाला सांगतोय, तर आमचं काम झालं ते निम्मं डॉक्टर मॅडममुळं आणि निम्मं या काट्याच्या सवयीमुळं.

मुलगी आता सात वर्षांची आहे. साडेचारची असल्यापासून दर पाच-सहा आठवड्यांनी एकच प्रकार. पहाटे चारच्या आसपास उठून बसायची. तोंड पांढरंफटक, तोंडाला पाणी सुटलेलं, हाक मारली तरी बोलायची नाही. मोरीपाशी जाऊन पाय पोटाशी घेऊन बसायची. अर्ध्या तासात उलट्या सुरू. दहा-दहा मिनिटांनी. पोटात काही उरलं नसलं तरी नुसते उमाळे. हे वीस-बावीस तास. मग गाढ झोप, आणि उठली की "आई, भात दे." दुसऱ्या दिवशी अंगणात लंगडी घालताना बघितलं तर कालची हीच का, असं वाटावं. मधल्या दिवसांत एक शिंकसुद्धा नाही.

आमच्याकडं याला नावं ठेवायला माणसं कमी नव्हती. जंत झालेत. पित्त आहे. दूध पचत नाही. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या नाहीत म्हणून नजर लागल्याचं पक्कं झालं. शाळेतून निरोप आला की पोर शाळा चुकवायला करत असेल. अहो, दिवाळीच्या सुट्टीत पहाटे चार वाजता कुठली शाळा? पाच वेळा ॲडमिट केली, दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत. पाचही डिस्चार्ज कार्डांवर एकच शब्द, गॅस्ट्रो. जुलाब एकदाही नाहीत तरी गॅस्ट्रो, आणि प्रत्येक वेळी अँटिबायोटिक. सलाईन लागलं की चोवीस तासांत बरी व्हायची, म्हणजे उपचार बरोबर, असा हिशोब. तिचं ती तेवढ्याच वेळात बरी होत होती हे वहीवरून मला नंतर कळलं.

तिसऱ्या ॲडमिटनंतर मी कारखान्याची जुनी कोरी पावतीबुकं घरी आणली आणि लिहायला लागलो. तारीख, सुरू झालं ती वेळ, किती उलट्या, रंग, कधी थांबलं, आदल्या रात्री काय खाल्लं, आदल्या दोन दिवसांत घरात काय झालं. बायको म्हणायची, पोरगी ओकतीय आणि तुम्ही आकडे मांडताय. तिचंही खरंच होतं.

नऊ नोंदी झाल्यावर एका नातेवाइकानं हे क्लिनिक सुचवलं. डेक्कनच्या बाजूला, जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. वेळ अकराची मिळाली होती, आत बोलावलं पावणेदोनला. रिसेप्शनवरच्या बाईंचा आवाज एसटी कंट्रोलरसारखा. नवीन पेशंटचे बाराशे, पुन्हा आलात तर आठशे. गाडी लावायला जागा नाही, आम्ही एसटीनं गेलो म्हणून वाचलो. पण बाकावर शेजारी बसलेल्या एका आजीनं सांगितलं, "उशीर होतो कारण त्या आत ऐकत बसतात." ते खरं निघालं.

मी डिस्चार्ज कार्डांची पिशवी टेबलावर ठेवली. मॅडमनी ती बाजूला सारली आणि पावतीबुक मागितलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. पेन घेऊन सुरुवातीच्या वेळांना गोल केले. ३:४०, ४:१०, ४:००, ४:५०. नऊपैकी आठ वेळा साडेतीन ते पाचच्या मधे. मग आदल्या दिवसांचा रकाना: गौरी जेवण, मावशीच्या लग्नाची वरात, सर्दी-ताप, शाळेची सहल, स्वतःचा वाढदिवस. "ही पोरगी आनंदानं आजारी पडते," असं म्हणून त्या हसल्या, आणि पुढची चाळीस मिनिटं प्रश्न.

एवढे प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते, आणि प्रत्येक प्रश्न का विचारतेय हे त्या सांगत होत्या, म्हणून इथं लिहितो. पुन्हा पुन्हा उलट्या होणाऱ्या पोराच्या आईबापाला उपयोग होईल.

उलटी हिरवी असते का? काही मुलांचं आतडं जन्मतःच नीट वळून बसलेलं नसतं. त्याला मधेच पीळ पडतो, मधेच सुटतो, आणि ज्या दिवशी सुटत नाही त्या दिवशी आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून पांढरं औषध पाजून एक्स-रे एकदा करायचाच, त्यात तडजोड नाही. एका कुशीत दुखतं का? मूत्रपिंडातून नळी निघते तिथं अडथळा असला तर लघवी तुंबून असेच झटके येतात, आणि मधल्या काळात सोनोग्राफी स्वच्छ दिसू शकते. डोकं दुखतं का, चालताना तोल जातो का, रोज सकाळीच ओकते का? हा मेंदूतल्या गाठीसाठीचा प्रश्न. टाचेला पाऊल लावून पोरीला खोलीभर चालवलं, बॅटरीच्या यंत्रानं डोळ्यांच्या आत बघितलं. एमआरआयचं मीच विचारलं. म्हणाल्या, आज लागत नाही, पण चालीत किंवा नजरेत फरक दिसला तर त्याच दिवशी फोन करा.

मग पोरीलाच विचारलं, "काय गं, मटण आवडतं का?" ती म्हणाली, "रस्सा आवडतो. फोडी दादाला." यावर मॅडम थोडा वेळ थांबल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमचं लग्न नात्यात झालंय?" झालंय. सासरे म्हणजे माझे सख्खे मामा. आमच्याकडं त्यात काही विशेष नाही, पण डॉक्टरसमोर बोलताना मान खाली गेली. त्यांनी ओरडा केला नाही. सांगितलं की शरीराच्या रसायनक्रियेतले काही दोष जन्मजात असतात. प्रथिनांमधून तयार होणारा अमोनिया काहींना नीट बाहेर टाकता येत नाही, काहींना उपाशीपोटी चरबी जाळून ताकद काढता येत नाही. अशी मुलं तापात किंवा उपाशी राहिली की ओकायला लागतात, सुस्तावतात. त्यातली काही आपणहून मटण-अंडी टाळतात. नात्यातल्या लग्नात यातल्या काही दोषांची शक्यता वाढते. आणि हे रक्त झटका चालू असतानाच, ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी घ्यायचं, नाहीतर पुरावा धुऊन जातो. पाच वेळा ॲडमिट झालो आणि पाचही वेळा आधी सलाईन लागलं होतं.

शेवटचा प्रश्न बायकोला. "ताई, तुमचं डोकं दुखतं का?" बायको म्हणाली, नाही. मग म्हणाली, महिन्यातून एकदा अर्धशिशी होते, पण डोकं काय सगळ्यांचंच दुखतं. तुमच्या आईचं? तर मामी, म्हणजे माझी सासू, सुंठीचा लेप लावून डोक्याला फडकं बांधून अंधाऱ्या खोलीत पडायची हे मी लहानपणापासून बघितलेलं. पोरीला गाडी लागते का? लागते, इंदापूरच्या आतच. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, बाकी तपासण्या स्वच्छ आल्या तर याला सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम म्हणतात. अर्धशिशीचंच चुलत भावंड, फक्त डोक्याऐवजी पोटात. हा काही नवा आजार नाही, १८८२ साली लंडनच्या सॅम्युअल गी नावाच्या डॉक्टरांनी लहान मुलांमधला हा प्रकार लिहून ठेवलाय. मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांनी २००८ साली ठरवलेले निकषही वाचून दाखवले: एकूण पाच झटके किंवा सहा महिन्यांत तीन, प्रत्येक एक तास ते दहा दिवसांचा, दोन झटक्यांत कमीत कमी आठवड्याचं अंतर, दरवेळी तोच नमुना, जोरात असताना तासाला किमान चार उलट्या, मधे पूर्ण ठणठणीत, आणि दुसरं कारण सापडलेलं नाही. मला हे आवडलं. काट्यासारखं आहे, बसतं की नाही ते दिसतं.

आता तारा कापायची गोष्ट. तपासण्यांसाठी पंधरा दिवसांनी यायचं ठरलं. क्लिनिकनं चिठ्ठी दिली ती बाहेरच्या सोनोग्राफी सेंटरची. तिथून फोनवर सांगितलं, सहा तास उपाशी या. उपाशी राहणं आणि झोपमोड, या दोन्ही गोष्टी वहीत आमच्या शत्रूंच्या यादीत, आणि क्लिनिकमधल्या कुणी ते सेंटरला कळवलं नाही, आम्हालाही सावध केलं नाही. पहाटे तीनला पोरीला उठवलं, पाण्यावर ठेवलं, पहिली एसटी धरली. भिगवणच्या अलीकडं सुरू झालं. आधी वाटलं गाडी लागली. मग तिचं तोंड बघितलं आणि कळलं. कंडक्टरनं पुढची सीट दिली, एका बाईनं प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या, स्वारगेटपर्यंत तेवीस उलट्या.

क्लिनिक उघडायला तासभर होता. मी फोन लावला, अकराव्या वेळी लागला. त्यानंतर मात्र त्या माणसांनी जे केलं त्यासाठी चार तारे. मॅडम आल्या त्या सरळ आमच्याकडं. "आज आलाय ना झटका, आज सोडायचा नाही," म्हणाल्या. सलाईनच्या आधी रक्त: साखर, सोडियम-पोटॅशियम, लॅक्टेट नावाचं आम्ल, अमोनिया. अमोनियाची नळी बर्फात घालून त्यांचा मुलगा धावत लॅबला गेला, ते जास्त वेळ ठेवलं तर आकडा खोटा येतो म्हणून. लघवी तपासली. पोर ओकत असतानाच मूत्रपिंडांची सोनोग्राफी करवली. मग आतल्या खोलीत दिवे बंद, पंखा हळू, ग्लुकोजचं सलाईन, उलटीचं इंजेक्शन. रिसेप्शनच्या त्याच बाईंनी बाहेर सगळ्यांना मोबाइल बंद करायला लावले. तो आवाज पहिल्यांदाच कामी आला.

अमोनिया ठीक. लॅक्टेट ठीक. मूत्रपिंडं ठीक. लघवीत कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, ते उपाशी ओकणाऱ्या पोरात येतातच म्हणाल्या. पांढऱ्या औषधाचा एक्स-रे नंतर झाला, आतडं जागच्या जागी.

औषध सुरू करताना आधी ईसीजी काढला. रोज रात्री अमिट्रिप्टिलीनची छोटी मात्रा. ते आणि उलटी थांबवायचं ऑन्डॅनसेट्रॉन, दोन्ही हृदयाच्या लयीवर थोडा परिणाम करू शकतात म्हणून ही खबरदारी. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा सायप्रोहेप्टाडीन देतात, आपल्याकडं भूक लागायला जे सिरप देतात तेच. हे सगळं सांगितलं, पण आमचं औषध मुळात नैराश्याचं म्हणून ओळखलं जातं हे सांगायचं राहिलं. ते आम्हाला गावातल्या मेडिकलवाल्यानं सांगितलं, चारचौघांत, मोठ्यानं. चार दिवस बायकोनं गोळी दिली नाही. शेवटी फोनवर मॅडमनी समजावलं की अर्धशिशी टाळायला हेच औषध कमी मात्रेत वर्षानुवर्षं वापरतात. हे चिठ्ठी लिहितानाच बोलल्या असत्या तर चार दिवस वाचले असते.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे एक कागद. तालुक्याच्या डॉक्टरांच्या नावे पत्र: आजाराचं नाव, झटक्यात काय द्यायचं, सलाईनच्या आधी कुठलं रक्त, अंधारी शांत खोली, कारणाशिवाय अँटिबायोटिक नको, आणि हिरवी उलटी, पोट कडक होणं, गुंगी किंवा ताप असेल तर "नेहमीचंच आहे" समजू नका. मी तो लॅमिनेट करून घेतलाय. झटक्याची चाहूल लागली की आम्ही घरीच जिभेवर विरघळणारी गोळी देतो, पडदे ओढतो. झोपताना दूध-पोळी, रात्री जागरण नाही. वरात आता पोरगी फक्त मांडवातनं बघते आणि त्याबद्दल आमच्यावर रागावलेली असते.

आठ महिन्यांत दोन झटके. एक पूर्ण, एक तीन तासांत आवरला. बरी झाली असं मॅडम म्हणत नाहीत. मोठेपणी पुष्कळ मुलांचं हे थांबतं, त्यातल्या बऱ्याच जणांचं डोकं दुखायला लागतं, असं स्वच्छ सांगितलंय.

जाता जाता एक. आमच्या काट्यावर येणारा एक ट्रकवाला असाच महिन्या-दोन महिन्यांनी ओकतो, आणि बंबातल्या कढत पाण्याच्या बादल्या अंगावर घेत बसतो, तेवढ्यानंच बरं वाटतं म्हणतो. मी सहज मॅडमना सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, गांजा ओढतो का? बरीच वर्षं नेमानं ओढणाऱ्यांमध्ये हे होतं, २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडकडच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहिलं. गांजा कायमचा सुटला की थांबतं. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, गांजा तर मी उलटी थांबावी म्हणून ओढतो.

जाणाऱ्यांसाठी: स्वारगेटहून रिक्षा करा. सकाळची पहिली वेळ मागा, दुपारच्या वेळा सरकत जातात. रोख किंवा यूपीआय, कार्ड घेत नाहीत. सोनोग्राफी सांगितली तर किती तास उपाशी हे मॅडमकडूनच लिहून घ्या, सेंटरच्या फोनवर विसंबू नका. आणि वही न्या. कोरी असली तर बाहेर बाकावर दोन-अडीच तास मिळतातच, तिथं बसून आठवेल ते लिहा.