गाथा उत्तम, प्रस्तावना मात्र फसलेली
तुकोबांच्या अभंगांचा, केवळ मूळ पाठ असलेला हा गाथा मी देहूतून साडेचारशे रुपयांना घेतला. शिवलेली बांधणी आणि ठसठशीत टाइप यांमुळे रोजच्या भजनासाठी तो सोयीचा आहे. मांडीवर उघडा ठेवून टाळ हातात घेतले तरी पाने आपोआप मिटत नाहीत. सूचीत मात्र ‘वृक्षवल्ली’ शोधल्यास पृष्ठाऐवजी अभंगाचा क्रमांक मिळतो, आणि पानांच्या माथ्यावर क्रमांकच नसल्यामुळे चार हजारांहून अधिक अभंगांत अंदाजाने चाळत बसावे लागते.

माझी खरी हरकत प्रस्तावनेला आहे. ‘गाथा म्हणजे संतांची जीवनकहाणी’ असे तिच्या आरंभीच ठोकून दिले आहे. वर्तमानपत्रांतल्या यशोगाथा आणि शौर्यगाथा वाचून हा समज झाला असावा. पण या पुस्तकात कहाणी सांगितलेली नाही. ‘गै’ म्हणजे गाणे, या धातूपासून आलेल्या या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ गाण्याजोगे पद्य असा आहे. पारशी धर्मग्रंथ अवेस्तातील जरथुष्ट्राची स्तोत्रेही ‘गाथा’च होत. महाराष्ट्री प्राकृतात त्याचे ‘गाहा’ झाले, आणि सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या सातशे गाहांच्या संग्रहाला ‘गाहा सत्तसई’ म्हणू लागले. तिथे गाहा हे एक सुटे पद्य होते, म्हणून संग्रह सांगण्यासाठी संख्या जोडावी लागली. मराठीत हे नेमके उलटले: सुट्या पद्याला अभंग हे नाव मिळाले आणि गाथा हा शब्द त्यांच्या संग्रहाकडे गेला. ज्ञानेश्वरीला कोणी गाथा म्हणत नाही, कारण तो सलग ग्रंथ आहे. ज्ञानदेवांच्या अभंगांचा संग्रह मात्र गाथाच ठरतो. एवढा भेद प्रस्तावनेत यायला हवा होता.

प्रस्तावनाकार एकाच पानावर ‘तुकोबांची गाथा’ आणि ‘तुकोबांचा गाथा’ असे दोन्ही लिहितात, त्याबद्दल मात्र तक्रार नाही. संस्कृतात शब्द स्त्रीलिंगी असला तरी मराठीत दोन्ही रूपे रुळली आहेत, आणि ग्रंथ मनात असल्यामुळेच बहुधा मलाही पुल्लिंगच जवळचे वाटते.

पुस्तक अवश्य घ्यावे. प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत प्रस्तावनेची दोन पाने नव्याने लिहून घ्यावीत आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर अभंगांचे क्रमांक छापावेत.