औषधांची खिशातली कार्डं : पावसाळाभर वापरल्यानंतर

कडी गंजली. साडेपाचशे रुपये घेऊन ही कार्डं साध्या लोखंडी कडीत ओवून देणाऱ्याने गोव्याचा आषाढ पाहिलेलाच नसावा. जुलै संपेपर्यंत तांबूस डाग वरच्या कार्डांवर उतरले आणि युनिफॉर्मच्या पांढऱ्या खिशालाही लागले. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ओलाव्याने झालेलं नुकसान बदलीत बसत नाही. अहो, मी काय ती मांडवीत बुडवून आणली?

कार्डांत काय असतं हे नर्सिंगवाल्यांना सांगायला नको; बाकीच्यांसाठी, एका औषधाला एक कार्ड. सुरुवातीला मलाही वाटलं होतं, पुस्तकात आहे तेच, पैसे फुकट गेले. पण डिचोली-पणजी कदंब बसमध्ये उभ्याने, एका हाताने दांडा धरून, फार्माकॉलॉजीचं पुस्तक उघडून दाखवा आणि मग बोला.

खरा उपयोग मागच्या बाजूचा, ‘नर्सने काय पाहायचं’ या चार ओळींचा. डिगॉक्सिन, म्हणजे हृदयाचं औषध : छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिटभर ठोके मोजा, मोठ्या माणसाचे ६०च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवा. लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडच्या कार्डावर त्याचाच धागा पुढे नेलाय : लघवीवाटे पोटॅशियम जातं, आणि ते उतरलं की डिगॉक्सिनची विषबाधा लवकर होते. पुस्तकात ही दोघं वेगवेगळ्या धड्यांत. मेडिसिन वॉर्डात एकाच आजोबांच्या चार्टवर ती भेटली, तेव्हा हात आधी पोटॅशियमच्या रिपोर्टकडे गेला. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनला प्रोटामिन, तसंच काम करणाऱ्या वॉरफॅरिनला व्हिटॅमिन के, मॉर्फिनला नॅलोक्सोन, असे उतारे लाल पट्टीत छापलेत. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तेवढ्यावर निभावलं.

गणेशचवथीनंतरची भर : इन्सुलिनच्या कार्डावर मी भडकले आहे. त्यात फक्त एका मिलीलिटरला १०० युनिटचं इन्सुलिन. आपल्याकडे मिलीला ४० युनिटची कुपी अजून सर्रास चालते. तिची सिरिंज लाल टोपणाची, ४०च्या खुणेला एक मिली; १००ची केशरी. लाल सिरिंजमध्ये १००चं इन्सुलिन २०च्या खुणेपर्यंत ओढलं की अर्धा मिली झालं, म्हणजे पेशंटला २०ऐवजी ५० युनिट. इन्चार्ज सिस्टरनी ट्रॉलीपाशी उभं करून पहिला प्रश्न विचारला तो हाच. आमच्या बॅचमधल्या दोघीतिघींकडे हाच संच आहे. सगळ्यांच्या कार्डांवर आता स्केचपेनने लाल आणि केशरी अशी दोन टोपणं काढली आहेत.

हे विक्रेत्याला कळवलं तर उत्तर लगेच आलं, पुढच्या आवृत्तीत घालू म्हणाले. कडीबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हापशाच्या बाजारात स्टीलची कडी पंधरा रुपयांना मिळाली. कंपनीला तेवढे जड झाले म्हणायचे.

पाचातले तीन तारे. एक इन्सुलिनसाठी कापला, एक कडीसाठी. हो, कडीसाठी पूर्ण एक.