झिंक की अ‍ॅल्युमिनियम? खाडीतल्या बोटीला कोणता अ‍ॅनोड लावावा

बोट उघड्या समुद्रात चालत असेल आणि १ जूनला मासेमारीबंदी लागली की शाकारून वर ओढत असाल, तर खुशाल झिंकचा अ‍ॅनोड लावा, म्हणजे पंखा (प्रोपेलर), शाफ्ट वाचावेत म्हणून त्यांच्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. बंदरावरच्या दुकानात सहज मिळतं, खलाशांच्याही सवयीचं आहे. प्रश्न बाराही महिने बोट खाडीत ठेवणाऱ्यांचा आहे.

माझी फायबरची बोट दाभोळच्या खाडीत, जरा आतल्या अंगाला असते. आषाढात वाशिष्ठी फुगली की तिथलं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि झिंक रुसतं. त्यावर पांढरट, कठीण कवच चढतं, झीज थांबते. पुन्हा खाऱ्या पाण्यात आलं तरी कवच आपणहून सुटत नाही. माझा सगळा वैताग हाच. बंदी उठायच्या तोंडावर ओहोटीला बोट कोरडी पडली की शाफ्टवरचं झिंक कसं जाडजूड, धडधाकट! नख मारलं तरी ओरखडा नाही. आणि वीतभर अंतरावर पंख्याच्या पात्यांच्या कडा गुलाबी पडलेल्या, म्हणजे धातूतलं जस्त निघून चाललेलं. झिजण्यासाठीच लावलेली वस्तू शाबूत, आणि जिला वाचवायचं तीच झिजतेय. दर पावसाळ्यानंतर तारेच्या ब्रशने झिंक घासत बसायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

अ‍ॅल्युमिनियम मचूळ पाण्यातही काम करत राहतं. झिजून संपेपर्यंत किलोमागे झिंक साधारण ७८० अँपिअर-तास वीज देतं, अ‍ॅल्युमिनियम २५०० च्या आसपास. अर्थात ते हलकं असल्याने त्याच मापाच्या तुकड्यात हा फरक बराच आटतो. माझ्या पंख्यावरचे डाग ते लावल्यापासून वाढलेले दिसत नाहीत. मीटर लावून पाहिलेलं नाही, नजरेचा अंदाज आहे. मात्र मिश्रधातू इंडियमवालाच हवा. भंगारातला तुकडा ठोकलात तर त्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तो नुसता लटकत राहतो.

मॅग्नेशियमचं नाव काढूच नका. ते खाऱ्या पाण्यात भराभर विरघळतं. आपल्या खाडीत उन्हाळ्यात ते बघता बघता संपेल.

बदलायचं ठरवलंत तर शाफ्ट, सुकाणू, सगळीकडचे अ‍ॅनोड एकदम बदला. एखादं झिंक मागे राहिलं तर अ‍ॅल्युमिनियम त्यालाच वाचवत झिजतं. आणि रंगाऱ्याला आधीच बजावा, अ‍ॅनोडवर ब्रश फिरवायचा नाही.