विमानात नटून जावं की सैल कपड्यांत?

मुंबई-न्यूयॉर्क थेट विमान म्हणजे 15-16 तासांची बैठक. नटून निघालात तर फोटो झकास येतात, उतरल्यावर थेट मीटिंगही गाठता येते. पण तासन्‌तास बसून पाय सुजतात आणि घट्ट बूट पुन्हा चढत नाहीत. सैल सुती कुर्ता, मोजे, वर शाल. यात झोप तरी लागते.

आणीबाणीत घसरगुंडीवरून उतरताना उंच टाचा काढायला लावतात. नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं, सुती कापड वितळत नाही. माझं मत इथेच ठरलं.

पुणे-दिल्ली जेमतेम दोन तासांचं, तिथे खुशाल पैठणी नेसा. (लग्नाला जाताना ती बॅगेत चुरगळण्यापेक्षा अंगावर बरी!) झोपायचा विटका पायजमा मात्र दोन्हीकडे नको.