पोटगी: एकरकमी घ्यावी की दरमहा?

लग्न मोडलं की अर्धी मालमत्ता बायकोची, हे गोव्यात तिथल्या नागरी कायद्यामुळे बऱ्याच अंशी खरं आहे. महाराष्ट्रात नाही. इथे नवऱ्याच्या नावावरचा फ्लॅट त्याचाच राहतो, म्हणून सगळी घासाघीस पोटगीवर येते. (स्त्रीधन तुमचंच. ते पोटगीच्या हिशेबात धरू देऊ नका.) हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ नुसार पोटगी एकदम मिळू शकते किंवा दरमहा.

दरमहा २०,००० म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. परिस्थिती बदलली तर वाढवून मागता येतात. पण त्याची नोकरी गेली, तर कमी करायचा अर्ज तोही करतो. तुम्ही पुन्हा लग्न केलंत तर पोटगी बंद होऊ शकते. खरी डोकेदुखी वसुलीची: हप्ता थकला की अर्ज, नोटीस, तारीख, पुढची तारीख. पगारदाराच्या पगारावर जप्ती तरी आणता येते; धंदेवाल्याचं उत्पन्न शोधण्यातच दमछाक होते. शिवाय ही रक्कम तुमचं उत्पन्न म्हणून करपात्र धरली जाते.

एकरकमी ३० लाख ७ टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला साडेसतरा हजार व्याज येतं आणि मुद्दल शाबूत राहते. कर लागतो तो व्याजावर, मूळ रकमेवर साधारणपणे नाही. मात्र पुढे कमी पडली म्हणून वाढवून मिळणं अवघड, आणि भाऊ-काका उसने मागायला येतात ते वेगळंच.

नवरा व्यावसायिक असेल, कर्जात असेल किंवा परदेशी निघाला असेल, तर मी थोडी कमी रक्कम स्वीकारूनही एकरकमीच घ्यायला सांगेन. तीही डीडीने, घटस्फोटासाठी कोर्टात द्यायच्या शेवटच्या जबाबाआधी तिथे जमा झालेली. कायम नोकरी आहे पण हाताशी मोठी रक्कम नाही, अशा माणसाकडून दरमहा ठीक. तेव्हा त्याच्या फ्लॅटवर पोटगीचा बोजा चढवून मागा, कलम २५ मध्येच ती सोय आहे. मुलांचा खर्च दोन्हींत वेगळा लिहून घ्या.

रोख रकमेऐवजी तो फ्लॅटच देत असेल आणि त्यावर कर्ज नसेल, तर बक्षीसपत्र घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी (कोर्टाच्या अंतिम आदेशाआधी) नोंदवा. पत्नीला राहतं घर बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी. हुकूमनाम्यानंतर तुम्ही कायद्याने पत्नी नसता.